तांब्याचा गुंड

धुरपताच्या घरात पाहुण्याला दाखवावं असं एकच भांडं होतं, तांब्याचा गुंड. पाणी भरायच्या मोठ्या पोटाच्या भांड्याला आपल्याकडे गुंड म्हणतात. ज्यांच्या घरी असे पाचसहा उतरंडीला पडलेले असतात त्यांना त्याचं काही वाटत नाही. धुरपताच्या घरी मात्र तिच्या आधी धातूचं भांडं पाण्याला कधी लागलंच नव्हतं. तिच्या सासूनं जन्मभर मडकी डोक्यावर वाहिली. महाराच्या बाईनं तांब्यापितळेचं भांडं घेऊन गावातून जाऊ नये असा रिवाज होता, आणि तो कुणी लिहून ठेवलेला नसल्यानं कुणाला खोडताही येत नव्हता.

धुरपता केळझरकडची. लग्न होऊन अल्लीपूरच्या पलीकडच्या एका गावात आली. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, कारण तिथले काही म्हातारे अजून हयात आहेत आणि त्यांना राग लवकर येतो. कापूस वेचून वेचून तिनं पैसे साठवले आणि हिंगणघाटच्या बाजारातून तो गुंड आणला. गावात शिरताना नवरा म्हणाला, "गोधडीखाली झाक." तिनं झाकला नाही. कमरेवर घेऊन भर रस्त्यानं आली. पारावरच्या बायांनी तोंडाला पदर लावले. एक म्हणाली, "पाहा वो, तांबं आलं आता महारवाड्यात!" धुरपता चालत राहिली. घरी आल्यावर मात्र चिंच आणि राख घेऊन तिनं तो गुंड इतका घासला की चिमणीची ज्योत त्यात दिसायला लागली.

तिचा नवरा लहानू विहिरी खोदायचा. बापही तेच करायचा. गावच्या मोठ्या विहिरीवर पहिली कुदळ लहानूच्या बापानं मारली होती, आणि त्याच विहिरीच्या काठाला लहानूचा हात लागला तर विहीर बाटायची. आहे की नाही गंमत! महारवाड्यातल्या बायांनी खाली भांडी मांडून उभं राहायचं, वरून कुणी तरी ओतायचं. ओतणारीला घाई असली तर अर्धं पाणी मातीत जायचं. तरी मिळत होतं.

छप्पन साली दसऱ्याला सारी वस्ती नागपूरला गेली, दीक्षा घेऊन आली. आल्यावर पहिली गोष्ट केली ती ही की मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं. गावानं कुणाला मारलं नाही, शिवी दिली नाही, झोपडी जाळली नाही. ओतणारे हात तेवढे आखडले. बाया भांडी मांडून उभ्या राहायच्या आणि ऊन डोक्यावर आलं की रिकामी भांडी उचलून परत यायच्या. मग नदीच्या वाळूत झिरा उकरायचा, करवंटीनं पाणी खरवडायचं. होळी झाली तसा झिराही आटायला लागला.

"आपली इहीर आपनच खोदू," लहानू म्हणाला.

वस्तीच्या मागे, बापूजी नावाच्या शेतकऱ्याच्या संत्र्याच्या बागेला लागून, पडीक जागा होती. तिथं सारी वस्ती कुदळी घेऊन लागली. संध्याकाळी लहानू घरी यायचा, गुंडाला बोटानं टिचकी मारायचा आणि म्हणायचा, "पहिलं पानी तुह्या गुंडात भरू, धुरपते. वाजत गाजत आनू." एरवी तो फारसं बोलत नसे. टिचकी मारल्यावर गुंड घणघणायचा आणि लहानू तो आवाज विरेपर्यंत ऐकत उभा राहायचा.

माती गेली, मुरूम गेला, खडक लागला. खडक फोडला तर खाली काळा ठिसूळ दगड लागला. पाणी काही लागेना. लहानूनं भिंतीला कान लावला, हात फिरवला, ओल चाचपली. म्हणाला, "पानी हाय. खाली नाई, बाजूले हाय." मग त्यानं विहिरीच्या तळातून आडवा बोगदा काढायला घेतला. मलबा बाहेर ओढायला सोपं जावं म्हणून बोगदा आत जाताना जरा वर चढत नेला. त्या चढानंच पुढं घात केला, पण तेव्हा कुणाला काय कळणार?

विहिरीत उतरण्याआधी दिवा सोडायचा, ही पिढ्यांची रीत. दोराला कंदील बांधून खाली सोडायचा. विझला तर खाली वाईट हवा आहे. मग कडुनिंबाची मोठी डहाळी दोराला बांधून खाली-वर करायची, हवा खेळवायची, पुन्हा दिवा सोडायचा. हे काम धुरपताचं होतं. लहानूचा दुसऱ्या कुणावर विश्वास नव्हता.

त्या सकाळी तिनं दिवा सोडला. काच फुटलेली होती, उघडी ज्योत. तळापर्यंत ज्योत टिकली तसे लहानू आणि त्याचा धाकटा भाऊ चिंधू खाली उतरले. चिंधूनं दिवा बांबूच्या टोकाला अडकवून बोगद्याच्या तोंडात सरकवला. धुरपता काठावर पालथी पडून पाहत होती. ज्योत विझली नाही. उलट उंच झाली, टोकाला निळसर झाली. नव्या विहिरीत ज्योत चढली! धुरपताला वाटलं, आता पाणी जवळ आलं, शुभशकुन झाला.

"दिवा चढला," ती वरून ओरडली. "हवा चांगली हाय. जा तुमी."

लहानू दिवा घेऊन आत गेला. आत जाऊन दिवा भिंतीच्या खोबणीत, डोक्याच्या उंचीवर ठेवायची त्याची सवय होती. दिवा वर नेला आणि बोगद्यातून असा आवाज आला की काठावरची माती ढासळली. मागोमाग ज्वाळा आली. चिंधू तळाच्या ओल्या मातीत पालथा पडला म्हणून वाचला. लहानूला वर काढलं तेव्हा त्याच्या अंगावरच्या कापडाची राख झाली होती, आणि धुरपतानं त्याला ओळखलं ते फक्त कानातल्या बाळीवरून.

हिंगणघाटच्या दवाखान्यात डॉक्टरांनी केलं ते केलं. मग म्हणाले, डोळे गेले, हात कामाचे राहणार नाहीत, घरी न्या. घरी आणलं. डोळ्यांवर पट्टी, हातांना चिंध्या, अंगात ताप. ताप उतरेना. त्याला पाणी लागायचं सारखं, आणि घरात पाणी असायचं झिऱ्याचं, गढूळ, गाळून गाळून वाटीभर. शुद्धीवर आला की तो एकच विचारायचा.

"पानी लागलं काय?"

"लागंल," धुरपता म्हणायची.

दुसरं काय म्हणणार? विहिरीकडे कुणी फिरकत नव्हतं. कुणी म्हणे खाली साती आसरा बसल्या आहेत, कुणी म्हणे दीक्षा घेतली म्हणून देव कोपला. चिंधू तरणा होता, असल्या गोष्टींवर थुंकायचा. त्यानं बांबूला पेटता बोळा बांधून बाजूला उभं राहून बोगद्यात ढकलला. पुन्हा तोच धडाका झाला, पुन्हा ज्वाळा. वाटलं, जळून गेलं असेल सारं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला बोगद्याच्या छतातून दगड निखळले तेव्हा त्यानंही हात टेकले. खालून ते जे काही यायचं ते येतच होतं, आणि असंच पेटवत राहिलं तर बोगदाच बसला असता.

धुरपता रोज विहिरीच्या काठावर जाऊन बसायची. आपण "जा" म्हटलं, हे तिच्या कानातून जात नव्हतं. नवरा मरणाच्या दारात, वस्ती पाण्यावाचून, आणि हे सारं आपल्या एका शब्दानं झालं असं तिला वाटायचं. रडायची नाही. रडायला अंगात पाणी लागतं, ती म्हणायची.

अशात वर्ध्याहून वासुदेवराव आले. ते तिथल्या एका कार्यशाळेत कारागिरी शिकवायचे. शेणापासून गॅस करायची टाकी त्यांनी बांधली होती, तिचा खड्डा लहानूनं खोदला होता, तेव्हापासूनची ओळख. लहानू भाजल्याचं कळल्यावर सायकल हाणत आले. त्याच्याजवळ बसले, मग विहीर पाहिली, काळा दगड हातात घेऊन चुरडला.

"हा कोळशाच्या जातीचा दगड आहे," ते म्हणाले. "याच्या भेगांतून गॅस येतो. आपल्या शेणाच्या टाकीत होतो तोच गॅस, बाई. हवेपेक्षा हलका. तुमचा बोगदा आत चढत गेलाय, म्हणून तो छताला साचून राहतो. डहाळ्यांनी निघायचा नाही."

"पन दिवा इझला नाई ना, मास्तर," धुरपता म्हणाली. "चढला होता. निळा झाला होता."

वासुदेवराव हळूच म्हणाले, "बाई, दिवा चढला नव्हता. दिव्याभोवतीची हवाच जळत होती. खाणीतले लोक तीच निळी टोपी बघून पळत सुटतात."

धुरपता उठून घराच्या मागे गेली आणि बऱ्याच वेळानं आली. पदरानं तोंड पुसलेलं होतं. आली ती सरळ विचारती झाली, "मंग काढाचा कसा तो गॅस?"

वासुदेवरावांना पक्कं काही माहीत नव्हतं, आणि त्यांनी तसं सांगितलं. प्रयोगशाळेत बोटभर नळीत केलं होतं, विहिरीवर कधी केलं नव्हतं. पण बापूजीच्या बागेत डिझेलचं इंजिन होतं, ओढ्यावरून संत्र्यांना पाणी द्यायचं. त्याचा धुराचा पाइप तापून हात लावू देत नाही. ती आग फुकटच वाया जाते. त्या पाइपाभोवती लोखंडी पिंप बसवायचं, पिंपावर पत्र्याचं उंच धुराडं उभं करायचं. पिंप तापलं की आतली हवा वर पळेल आणि खालून दुसरी हवा ओढेल. तिथं बोगद्याच्या छतापासून आणलेली नळी जोडायची. म्हणजे इंजिनाच्या वाया गेलेल्या आगीनंच विहिरीतला गॅस ओढला जाईल.

"आन् तो गॅस माह्या इंजिनापाशी येऊन पेटला तं?" बापूजी कुंपणाच्या पलीकडून म्हणाला. बापूजी कुणबी, चार बैलांचा शेतकरी, माणूस वाईट नव्हता पण भित्रा. बोलायचं सारं कुंपणाच्या पलीकडून.

"म्हणूनच तो ज्वाळेशिवाय जाळायचा," वासुदेवराव म्हणाले. "पिंपात तांब्याचा कीस भरायचा, भाजून काळा केलेला. त्या तापल्या काळ्या तांब्यावरून गॅस आणि हवा गेली की गॅस तिथल्या तिथं जळून संपतो. ज्वाळा नाही, धडाका नाही. गंमत म्हणजे तांबं स्वतः संपत नाही. दोघांना एकत्र आणतं आणि आपण बाजूला राहतं."

"म्हंजे लगन जमवनारा मध्यस्थ!" बापूजी म्हणाला. "बाकीच्याईचं जळते, हा जेवून घरी जाते."

वासुदेवराव हसले. वस्तीत बऱ्याच दिवसांनी कुणी तरी हसलं होतं. मग बापूजीनं इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, "चालवा इंजिन. पन गावात कोनी इचारलं तं मी दिलं नाई. तुमीच चालू केलं."

पिंप बापूजीच्या गोठ्यात होतं. रॉकेलच्या डब्यांचे पत्रे वळवून नळ्या झाल्या, सांध्यांना शेणमाती लिंपली. आग उलटी फिरू नये म्हणून नळीत तारेची बारीक जाळी हवी होती, तर बायांनी पिठाच्या चाळण्या आणून टाकल्या. वासुदेवराव कार्यशाळेतून लेथचा गंजलेला कीस पोतंभर घेऊन आले. तो भरीला चालला असता. पण तांबं? तांब्याचा एवढा कीस वर्ध्याला मिळेना आणि मिळाला असता तरी घ्यायला कुणाजवळ काही नव्हतं. वस्तीत शोध घेतला. एक फुटका तांब्या निघाला, एक पळी निघाली, पाण्याच्या तपेल्याचा एक तळ निघाला. वासुदेवराव मान हलवत राहिले.

धुरपता घरात गेली. गुंड फळीवर होता. तिनं तो खाली घेतला, पोटाशी धरला. लहानू खाटेवर पडला होता. गुंडाचा आवाज होऊ नये म्हणून तिनं त्यात लुगड्याची चिंधी कोंबली आणि अंगणाच्या पार टोकाला नेला. चिंधू छिन्नी घेऊन बसला होता. गुंड पाहून त्यानं छिन्नी खाली ठेवली.

"वयनी, हा नाई. हा राहू दे."

"पानी नाई तं गुंड काय पुजाचा हाय?" ती म्हणाली आणि छिन्नी स्वतःच घेतली. पहिला घाव तिनं घातला. तांबं जाड होतं, घासून घासून काठाशी तेवढं पातळ झालं होतं. घरातून लहानूची हाक आली.

"काय ठोकून राह्यली वं?"

"इळा," धुरपता ओरडली. "इळा ठोकून राह्यलो."

मग साऱ्या बाया कानशी घेऊन बसल्या. तुकडे झाले, तुकड्यांचा कीस झाला. बोटं सोलली, तांब्याच्या वासानं हात आंबट झाले. कीस तव्यावर भाजला तेव्हा तो आधी लाल झाला, मग जांभळा, मग काजळीसारखा काळा. ज्यात ज्योत दिसायची त्या गुंडाचं असं काळं भुस्कट होताना धुरपतानं डोळ्यांनी पाहिलं. तिला हुंदका आला तो तिनं गिळला नाही. बाया कानस घासत राहिल्या आणि ती रडत रडत कीस परतत राहिली.

चिंधूनं दोरानं उतरून, दिव्याशिवाय, वरून आरशानं टाकलेल्या उजेडात नळीचं तोंड बोगद्याच्या टोकाला छताशी नेऊन टेकवलं. सकाळी इंजिन चालू झालं. पिंप तापायला वेळ लागला. वासुदेवरावांनी धुराड्याच्या तळाशी उदबत्ती धरली तर तिचा धूर आत ओढला गेला. म्हणजे ओढ लागली होती. पण गॅस जळतोय की तसाच वर जातोय? त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून गार केलेली पितळी ताटली धुराड्याच्या तोंडावर क्षणभर धरली आणि खाली आणली. ताटलीवर बारीक दव होतं.

"हा गॅस जळला की त्याचं पाणी होतं," ते म्हणाले. "जळतोय, बाई. चाललंय."

धुरपतानं त्या दवावर बोट फिरवलं. ओलं बोट बराच वेळ तसंच धरून ठेवलं.

"आता इंजिन उद्यापर्यंत चालू द्यायचं," वासुदेवराव म्हणाले. "मी चांद्याकडच्या खाणीतून जाळीचा दिवा मागवलाय. तो आल्याशिवाय आत कुणी जायचं नाही. कुणीही नाही."

हे सारं ठीक झालं असतं. पण दुपारी पुंडलिकराव पाटलांचा सालदार गडी वस्तीत आला. लांब, चिंचेखाली उभा राहिला आणि निरोप सांगितला. पाटलांचा बैल पडला होता, गोठ्यातच. उन्हाळ्याचे दिवस, संध्याकाळपर्यंत वास सुटणार. पाटील म्हणाले होते की वस्तीनं येऊन बैल ओढून न्यावा, म्हणजे आज सांजच्यापासून विहिरीवर पाणी ओतणं सुरू होईल. न नेल्यास बैल ते बाहेरगावच्या माणसांकडून नेतील, पण मग या वस्तीला या गावात पाणी कधीच नाही. आणि बापूजीनं आजच इंजिन बंद करावं, नाही तर त्याच्या बागेचा ओढा कुणाच्या शेतातून येतो ते त्यानं आठवावं.

बापूजीनं कुंपणाच्या पलीकडून हात जोडले. "दिवस बुडेपर्यंत चालवतो," तो म्हणाला. "त्याच्यापुढं नाई जमनार, धुरपते. मले माफ कर."

चिंधू घरात गेला आणि दोर घेऊन बाहेर आला. ढोरं ओढायचा जुना दोर, जाड, काळा पडलेला. दीक्षा घेऊन आल्यावर त्यानं तो आढ्याला टाकून दिला होता. म्हातारी माणसं खाली मान घालून बसली होती. कुणी त्याला जा म्हटलं नाही, कुणी अडवलंही नाही.

"काय पाह्यता माह्याकडं?" चिंधू ओरडला. डोळे लाल झाले होते. "भाऊ तिथं पान्यावाचून मरून राह्यला. लेकरांच्या जिभा सुकल्या. एक बैल ओढला तं काय माह्या हाताचं जाते? सांगा ना!"

धुरपता त्याच्या समोर उभी राहिली. दीर असला तरी तिनं त्याला लहानाचा मोठा केला होता.

"दिवस बुडेपर्यंत थांब," ती म्हणाली.

"दिवस बुडेपर्यंत काय होनार हाय, वयनी?"

"मी उतरतो खाली."

वासुदेवराव धावत आले. नाही म्हणाले, हात जोडले, रागावले. गॅस किती उरला असेल सांगता येत नाही, उघडा दिवा नेणं म्हणजे मरण आहे. धुरपतानं सारं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मास्तर, तुमी सांगतलं, निळी टोपी दिसली की पळाचं. खानीतले लोक दिवा कसा धरतात ते सांगा फक्त. त्या दिसी दिवा मीच पाह्यला. आजही मीच पाहीन. दुसऱ्या कोनाले पाठवनार नाई मी आता."

वासुदेवरावांनी शेवटी सांगितलं. दिवा बारीक करायचा. जमिनीला टेकवून न्यायचा, कारण गॅस वर असतो. मग इंच इंच वर उचलायचा आणि नजर ज्योतीच्या टोकावर. टोक लांबलं, निळसर झालं की तसाच हळू खाली आणायचा. झटका द्यायचा नाही, फुंकायचा नाही.

चिंधूनं हातातल्या दोराकडे पाहिलं. वस्तीत तेवढा मजबूत दुसरा दोर नव्हता. मग त्यानं तोच दोर तिच्या कमरेला बांधला, दोन गाठी मारल्या, ओढून पाहिल्या.

खाली गार होतं. इंजिनाची धडधड वरून, लांबून येत होती. धुरपता बोगद्यात पोटावर सरपटत गेली, एका हातात दिवा जमिनीला टेकवून. लहानूच्या हातची सब्बल, लोखंडी पहार, तिथंच पडली होती, ती तिला कोपराला लागली. बोगद्याच्या टोकाशी ती थांबली. आता दिवा वर उचलायचा होता. हात उचलेना. कानात तिचाच आवाज होता, "हवा चांगली हाय, जा तुमी." ती म्हणाली, मरायचं तर आज मरू, पण डोळे उघडे ठेवून मरू. आणि दिवा उचलला.

वीतभर वर गेला. ज्योत तेवढीच. गुडघ्याएवढा वर गेला, छातीएवढा. ती ज्योतीच्या टोकाकडे अशी पाहत होती की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तरी पापणी लवू दिली नाही. दिवा छताला, नळीच्या तोंडाशी नेला. ज्योत लहान होती, पिवळी होती, नळीकडे जराशी वाकली होती. घरातल्या चिमणीची असते तशीच.

तिनं दिवा खोबणीत ठेवला, सब्बल घेतली आणि नवऱ्यानं जिथं खूण केली होती तिथं मारायला लागली. किती मारल्या कुणास ठाऊक. दगड ठिसूळ, पण ती काही खोदणारी नव्हती. वरून चिंधू हाका मारत होता, दिवस कलला, वर ये. ती मारत राहिली. खांदे सुटले, तळहात फुटले. मग एकदा सब्बल आत गेली ती गेलीच, आणि ओढून काढल्यावर मागोमाग पाण्याची धार तिच्या तोंडावर आली. दिवा विझला. अंधारात ती त्या धारेखाली तोंड उघडं धरून बसली. दगडाचा वास होता पाण्याला. बोगद्यातून पाणी विहिरीत पडायला लागलं तसा तो आवाज वर गेला, आणि वर माणसांचा एकच गलका झाला.

बैल ओढायच्या दोरानं तिला वर काढलं. वर सारी वस्ती काठावर जमली होती, बाया मडकी घेऊन, लेकरं वाट्या घेऊन. चिंधू गुडघ्यांवर बसून लहान पोरासारखा रडत होता. सालदार चिंचेखालून केव्हाच निघून गेला होता. वासुदेवराव काही तरी विचारत होते. धुरपताच्या अंगावरचं लुगडं पाण्यानं जड झालं होतं. भिजलेला पदर दोन्ही मुठींत गोळा करून धरला आणि ती घराकडे पळाली.

लहानूचा श्वास वाजत होता. तिनं खाटेशी बसून पदर त्याच्या ओठांवर पिळला. पाणी ओठांवरून हनुवटीवर आलं, मग त्यानं जीभ बाहेर काढली. तिनं पुन्हा पिळला.

"झिऱ्याचं हाय?" त्यानं विचारलं.

"नाई. तुमच्या इहिरीचं हाय."

पट्टीखालून काही ओघळलं, ते पाणी होतं की दुसरं काही, कळलं नाही. मान थोडी वळवून तो फळीकडे कान देऊन पडला. ऐकत होता.

"गुंडाचा आवाज नाई आला," तो म्हणाला. "पहिलं पानी गुंडात आनाचं होतं ना, धुरपते? कशात आनलं?"

धुरपतानं रिकाम्या फळीकडे पाहिलं. काळ्या पडलेल्या बोटांनी पदराचं उरलेलं टोक गोळा केलं आणि शेवटचं पाणी त्याच्या तोंडात पिळलं.

"गुंडानंच आनलं, अवो," ती म्हणाली. "गुंडानंच आनलं."